पलटलेली कॉलर

"अगं, आजचा शर्ट बघ!" रिसेप्शनवालीने फोन थेट माझ्या डब्यावर आडवा धरला. "मोहरीचा रंग. आणि खिशात जांभळा रुमाल. या वयात! मानलं बाई आजोबांना."

फोटोत एक म्हातारा लिफ्टच्या आरशासमोर ताठ उभा होता. दोन्ही हातांनी फोन छातीशी धरलेला, हनुवटी वर, केस पाणी लावून चापून बसवलेले. मोहरी रंगाचा शर्ट, तपकिरी पँट, खिशातून रुमालाचं टोक बरोबर दोन बोटं वर आलेलं. खाली लिहिलं होतं: 'सोमवार. हवामान ढगाळ, म्हणून शर्ट उजळ. पट्टा जुनाच. रुमाल काल आपण बहुमताने निवडल्याप्रमाणे जांभळा. कळावे, आपला लिफ्टमन.'

ती लिफ्ट आमच्या इमारतीची होती. ते माझे बाबा होते.

"कोण आहेत हे?" मी विचारलं.

इतक्या सहज विचारलं, की माझं मलाच नवल वाटलं.

"तुला माहीत नाहीत? अगं, चार हजार लोक बघतात यांना. रोज एक पोशाख. आणि उद्या काय घालू ते आपल्यालाच विचारतात. विटकरी रुमाल की जांभळा, आपण मत द्यायचं. मी जांभळ्याला दिलं होतं."

आमच्या दवाखान्यातला चष्मेवाला शेजारी बसून कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू आवळत होता. त्याने मान लांब करून पाहिलं. "बुड्ढ्याला घरी काही काम दिसत नाही. घरचे काही बोलत नाहीत का याला?"

"घरचे कंटाळले असतील," मी म्हणाले, आणि हसले.

तेही दोघं हसले. विनोद चांगला जमला होता. मी मात्र घोटभर पाणी प्यायले आणि डबा बंद केला.

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात मला सतरा वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंकडे पेशंट जायच्या आधी तो माझ्याकडे येतो. मी त्याला एक डोळा झाकायला लावते, भिंतीवरची अक्षरं वाचून घेते आणि मग बाहुली मोठी करायचे थेंब घालते. त्यामुळे सगळे मला थेंबवाली म्हणतात. लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही हे सांगणं माझं काम. स्वतःबद्दल तेवढं सांगता आलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

बाबांनी चौतीस वर्षं एका अकरा मजली ऑफिसात लिफ्ट चालवली. करड्या रंगाचे दोन गणवेश, एक अंगात आणि एक दोरीवर. सुट्टीच्या दिवशी घरात घालायला जुना करडा, आणि तो फाटला की त्याची पुसणी. म्हणजे आमच्या घरातली फरशीसुद्धा करड्या रंगानेच पुसली जायची. पण संध्याकाळी घरी आले की बाबा आईला कपड्यांच्या बातम्या सांगायचे.

"आज सहाव्या मजल्याच्या मोठ्या साहेबांनी तपकिरी बुटांवर काळा पट्टा घातला होता. कुणी सांगत कसं नाही त्यांना?"

"मग तुम्ही सांगायचं," आई म्हणायची.

"मी? मी फक्त कितवा मजला ते विचारतो."

लिफ्टमध्ये माणूस तोंड बघू देत नाही, आकड्यांकडे टक लावून उभा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे बघायला उरतात ते कपडे. चौतीस वर्षं त्यांनी सगळ्या ऑफिसचे कपडे पाहिले आणि त्यांच्या कपड्यांकडे कोणी एकदाही पाहिलं नाही. पाहण्यासारखं होतं तरी काय!

ते रिटायर झाले आणि चार वर्षांनी आई गेली. त्यानंतर बाबा खुर्चीत बसायचे ते बसूनच राहायचे. मी लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघंच. दिवसभर हा माणूस भिंतीकडे बघत असतो या विचाराने मला कामात सुचेना, म्हणून माझा जुना फोन मीच त्यांना दिला. फोटो कसा टाकायचा तेही मीच शिकवलं. पहिला फोटो मी काढला होता. निळा शर्ट होता, आणि बाबा असे अवघडून उभे होते, जणू फोटो पोलीस चौकीत लागणार आहे.

मग त्यांना सूर सापडला. रुमाल आले, एक टोपी आली, माझी एक जुनी ओढणी मफलर झाली. लोक लिहायचे आणि बाबा प्रत्येकाला उत्तर द्यायचे, कारण आलेल्या कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, असं त्यांनी ऑफिसात पाहिलं होतं. 'अभिप्राय पोचला. टोपी तिरकी बसली हे खरे. उद्या दुरुस्ती करतो.' ते हसतखेळत जेवायला लागले. मलाही बरं वाटलं. सुरुवातीला.

पुढे जिन्यात शेजारीण विचारायला लागली, "आज बाबांचा रंग कोणता गं?" तळमजल्यावरची मुलं त्यांना बघून फोटोसारखी ताठ उभी राहायला लागली. त्यात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मात्र मी अंग चोरून चालायला लागले. बाबांबरोबर बाहेर जायचं म्हटलं की मला नेमकं काहीतरी काम निघायचं.

आणि आता तो फोन माझ्या डब्यावर येऊन पडला होता. वर गुरुवारी अकरा वाजता बाबांच्या डोळ्यांची तपासणी माझ्याच दवाखान्यात ठरलेली होती. तारीख मीच महिन्यापूर्वी घेतली होती. ते जांभळा रुमाल लावून दारातून आत येणार, रिसेप्शनवाली किंचाळणार, चष्मेवाला स्क्रू सोडून बघणार आणि बाबा सगळ्यांसमोर मला "बाळ" म्हणून हाक मारणार. आणि मग 'घरचे कंटाळले असतील' म्हणणारी ती घरची कोण, हे सगळ्यांना कळणार.

गुरुवारच्या आत हे थांबायला हवं होतं.

स्टाफच्या बाथरूममध्ये कडी लावून मी नवं अकाउंट उघडलं. नाव दिलं 'स्पष्टवक्ता'. काय लिहावं ते लगेच सुचेना. शर्ट त्यांना शोभत होता, ही खरी अडचण होती. मग आठवलं. तो शर्ट मी आदल्याच दिवशी इस्त्री केला होता, आणि आतून-बाहेरून मला तो पाठ होता. मी लिहिलं: 'आजोबा, पलटलेली कॉलर घालून कसली फॅशन करता? आधी धड शर्ट घ्या. या वयात हे चाळे बघून घरच्यांना लाज वाटत नसेल का?'

पाठवलं आणि हात धुतले. दोनदा धुतले. मग बाहेर येऊन एका बाईंना म्हणाले, "डावा डोळा झाका. वाचा."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. फोन पालथा ठेवलेला. अंगात घरातला जुना सदरा होता आणि मोहरी रंगाचा शर्ट कुठे दिसत नव्हता. जेवताना त्यांनीच विषय काढला.

"गुरुवारी अकरा ना?"

"हो. पण मला सकाळी लवकर जायचंय, बाबा. तुम्ही एकटे याल का?"

"येईन की. तिसरा मजला ना?"

"तिसरा. आणि साधेच कपडे घाला. थेंब गळतात, डाग पडतात."

त्या थेंबांचे डाग पडत नाहीत. मी सतरा वर्षं पांढरा कोट घालून ते घालते आहे. बाबांना हे माहीत होतं, कारण तो कोट तेच वाळत घालतात.

"बरं," ते म्हणाले. "साधेच घालतो."

त्यांनी ताट उचललं, धुतलं आणि पालथं घालून ठेवलं. उद्याच्या रुमालाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच हायसं वाटलं.

मंगळवारी दवाखान्यात शिरते तोच रिसेप्शनवाली तावातावाने बोलत होती.

"कोण हा मेला स्पष्टवक्ता! आज आजोबांनी फोटोच टाकला नाही. हे बघ, लोकांनी कसा धुतलाय त्याला."

मी बघितलं. सत्तर-ऐंशी जणांनी लिहिलं होतं. शिव्या होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही. त्या खाण्याची माझी तयारी होती. पण मध्येच एका बाईने साधा प्रश्न विचारला होता: 'मी शिवणकाम करते. फोटो मोठा करून पाहिला, कॉलर एकदम नीट आहे. पलटलेली आहे हे तुम्हाला कसं कळलं?' आणि त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं: 'घरचाच कोणीतरी शहाणा दिसतोय.'

मी रिसेप्शनवालीच्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला. फोटो दोन बोटांनी ताणला. कॉलर ताणली, टोकं ताणली, गळ्याची शिवण ताणली. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आईने शिवलेलं कधी दिसायचंच नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. बाबांकडे गणवेशाखेरीज एकच शर्ट होता, हा मोहरीचा. प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला तोच. घासून घासून त्याच्या कॉलरची घडी विरली आणि आतलं पांढरं दिसायला लागलं. कुठेतरी समारंभाला जायचं होतं. आईने टेबलावर शर्ट अंथरला, ब्लेडने कॉलर पट्टीपासून उसवली, उलटी केली आणि विरलेली बाजू खाली घालून पुन्हा शिवली. उसवलेले दोरे मी नखांनी वेचत होते. बाबा बनियनवर खुर्चीत बसून शर्टाची वाट बघत होते. "नवा झाला," आई दाताने दोरा तोडत म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाहेर कुठे बोलायचं नाही हं."

हे जगात तिघांना माहीत होतं. त्यातली एक आता नाही, आणि एकाचा तर तो शर्टच होता.

त्या वाक्यावर मी खोटं नाव टाकलं होतं खरं, पण सही माझीच होती. आणि ती बाबांनी सोमवारी दुपारीच ओळखली होती. मी घरी यायच्या आधी. 'डाग पडतात' म्हणायच्या आधी.

"आणि आजोबांचं उत्तर वाच," रिसेप्शनवाली म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "वाचून मला रडू आलं बाई."

सगळ्यात खाली होतं: 'सूचना पोचली. निरीक्षण बरोबर आहे. शिवणारी आता नाही. कळावे.'

इतर प्रत्येकाला ते शेवटी 'आपला लिफ्टमन' असं लिहायचे. इथे कळावेपाशीच थांबले होते.

"तू का रडतेस?" रिसेप्शनवालीने विचारलं.

"डोळ्यात काहीतरी गेलं," मी म्हणाले. डोळ्यांच्या दवाखान्यात! चष्मेवाल्याने तत्परतेने बॅटरी आणून दिली.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली, तीही सांगून टाकते. रिसेप्शनवाली बाबांना हसत नव्हती. तिला ते मनापासून आवडायचे. तिचे वडील लहानपणीच गेलेले, सकाळी बसमध्ये बसली की ती आधी लिफ्टमनचा फोटो बघायची. चष्मेवालासुद्धा चेष्टा करता करता रोज मत द्यायचा, कायम विटकरीला. नाक मुरडणारं माणूस तिथे एकच होतं.

बुधवारी बाबांशी बोलायचं असं ठरवून घरी गेले. बाबा खिडकीपाशी उजेडात बसले होते. मांडीवर आईचा शिवणाचा पत्र्याचा डबा उघडा होता आणि त्यांच्या गुडघ्यांवर दोऱ्याचे बारीक तुकडे पडले होते. मला बघून त्यांनी काहीतरी खाली सरकवलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"काय करताय?"

"काही नाही. तुझ्या आईचा हात फार बारीक. टाका सापडतच नाही माणसाला." ते हसले. "डोळे तपासायला हवेतच."

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. बाबा, ते मी लिहिलं. एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द.

"जेवायला वाढू?" मी म्हणाले.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना बाबा आले. मी आतल्या खोलीच्या दारातून बघत होते. केस पाणी लावून बसवलेले. तपकिरी पँट. आणि अंगात तोच मोहरी रंगाचा शर्ट.

पण त्याला कॉलर नव्हती. कॉलर काढून टाकलेली होती आणि गळ्याभोवती नुसती उभी पट्टी उरली होती. तिची वरची कड आत मुडपून हाताने शिवली होती. टाके मोठे आणि वाकडे होते, लांबूनसुद्धा मोजता आले असते. वरचं बटण लावलेलं होतं. खिशात रुमाल नव्हता.

"अय्या!" रिसेप्शनवाली खुर्चीतून उठलीच. "तुम्ही लिफ्टमन आजोबा ना? आमच्याकडे? अहो, मी रोज बघते तुम्हाला! आणि ही काय नवी फॅशन, बिनकॉलरची? काय शोभतंय! फोटो का टाकला नाहीत तीन दिवस?"

बाबांची नजर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. मी दारात उभी होते, हातात थेंबांची बाटली. त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही. पण त्यांनी वाचलं. चौतीस वर्षं लोकांची तोंडं न बघण्याची सवय असलेल्या माणसाने ते एका नजरेत वाचलं, आणि रिसेप्शनवालीकडे वळून ते म्हणाले, "आरशात नीट दिसत नाही हल्ली. म्हणून थांबलोय."

"सोबत कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही. एकटाच आलोय."

"मग थेंब नाही घालता येणार, आजोबा. नियम आहे." तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. थेंब घातल्यावर तीन-चार तास धूसर दिसतं, त्यामुळे सोबत कोणी असल्याशिवाय थेंब घातले जाणार नाहीत, अशी ती पाटी. अक्षर माझंच होतं. एक काका एकटे गेले आणि जिन्यात पडले, तेव्हापासून मीच ती लावली होती. रजिस्टरमध्ये दोन रकाने असतात: सोबतच्या व्यक्तीचं नाव आणि नातं. ते भरल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही.

"घरी कोणी असेल ना? फोन करून बोलावून घ्या," रिसेप्शनवाली म्हणाली.

"घरची कामावर असते," बाबा म्हणाले. "तिला कशाला त्रास. मी परत कधीतरी येईन."

आता बोलायचं. दहा पावलांवर माझे बाबा उभे होते आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी उघडलं. त्यातून निघालं ते असं: "थांबा. तीन-चार तास इथेच बसतील ते, असर उतरल्यावर जातील. घालते मी थेंब. रकाना राहू दे रिकामा."

"चालेल ना?" मी बाबांना विचारलं.

"चालेल, मॅडम," बाबा म्हणाले.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मी जन्मभर तो जपून ठेवला असता आणि मला बरं वाटलं असतं. मला अडचण होऊ नये म्हणून ते तसं म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जसं लिफ्टमध्ये कोणालाही म्हणायचे.

खुर्चीत बसवून मी त्यांची हनुवटी वर केली. इतक्या जवळून मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. गळ्यापाशी पट्टीचा एक दोरा सुटून कातडीला टोचत होता. तो मी कापायला हवा होता. "वर बघा," मी म्हणाले. एक थेंब, दुसरा थेंब. "मिटून ठेवा." मिटलेल्या पापण्यांतून पाणी गालावर आलं. थेंब सगळ्यांनाच झोंबतात. मी कापूस दिला.

"डाग नाही ना पडला?" डोळे मिटूनच त्यांनी हळू विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मोतीबिंदू होता, उजव्या डोळ्यात जास्त. मग बाबा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर सगळे डोळे मिटून बसलेले असतात आणि प्रत्येकाशेजारी कोणीतरी असतं. कोणाची सून पाण्याची बाटली धरून, कोणाचा नवरा पेपर वाचून दाखवत. बाबांच्या शेजारची जागा रिकामी होती. लोक तिथे बसायला यायचे आणि कोणाचीतरी असेल असं समजून उभे राहायचे.

मी पेशंट घेत राहिले. वाचा. डावा डोळा झाका. पुढची ओळ. आत जाताना आणि बाहेर येताना बाबांच्या समोरून जावं लागायचं. माझ्या पावलांचा आवाज त्यांना ओळखू येत असणारच. प्रत्येक वेळी ते जरासे सरळ बसायचे आणि मी पुढे गेले की पुन्हा टेकायचे. हाक मात्र त्यांनी एकदाही मारली नाही.

असं मी अकरा वेळा गेले. बाराव्या वेळी एका आजीबाईंनी बाबांना विचारलं, "तुमच्याबरोबर कोणी नाही का हो?"

"आहे की," बाबा म्हणाले. "कामात आहे."

मी काउंटरपाशी गेले. रिसेप्शनवालीसमोरचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. बाबांच्या नावापुढचे दोन्ही रकाने रिकामे होते. मी पहिल्यात माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात लिहिलं, मुलगी. सतरा वर्षं मी दुसऱ्यांकडून तो रकाना भरून घेतला आहे. त्यात कधी एवढा वेळ लागताना पाहिला नव्हता.

रिसेप्शनवालीने वाचलं. माझ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. मग तिला सोमवारचा डबा आठवला असावा, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलला. चष्मेवालाही उठून आला होता. त्यानेही वाचलं. मग तो परत जाऊन आपल्या स्क्रूकडे बघत बसला.

"अर्धा दिवस रजा लाव," ती शेवटी म्हणाली. "घेऊन जा त्यांना."

मी कोट काढून ठेवला आणि बाकापाशी गेले. "बाबा," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. आजीबाईंनीसुद्धा मिटलेले डोळे उघडले. "चला. घरी जाऊ."

"तुझं काम?"

"झालं."

त्यांनी हात पुढे केला आणि मी तो धरला. लिफ्ट आली. आत पाठीमागच्या भिंतीला मोठा आरसा होता. पण बाबा आरशाकडे गेले नाहीत. आत शिरताच ते बटणांच्या बाजूला सरकले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. चौतीस वर्षं लिफ्टमध्ये अशाच जागी उभं राहिलेलं अंग, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. दार मिटलं.

मी मागून त्यांच्या गळ्याची पट्टी बघत होते. मानेमागे टाके जास्तच वाकडे झाले होते. तिथे आरशातसुद्धा दिसलं नसेल त्यांना.

"कॉलर काय केलीत?" मी विचारलं.

"आहे. तुझ्या आईच्या डब्यात ठेवली. फक्त खालची शिवण उसवली. बाकीचे टाके तिचे तसेच आहेत."

"बाबा, ते मी..."

"कितवा मजला?" बाबांनी विचारलं.

ते वळले नाहीत. त्यांचं बोट बटणांवर अचूक थांबलं होतं, दाबायचं बाकी होतं. मला पुढे बोलू द्यायचं नव्हतं त्यांना. रागाने नाही. ते ऐकताना माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून असेल, किंवा मला त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

"तळमजला," मी म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. लिफ्ट खाली निघाली तशी सवयीने त्यांची पाठ ताठ झाली, आणि उजवा हात कॉलर सारखी करायला गळ्याकडे गेला. बोटं पट्टीवरून इकडून तिकडे फिरली. काही सापडलं नाही तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.